चुन्याचे डाग

२९-१०-९४, शनि.
सुमी खाडीकडच्या शेतातून आली ती हात खाजवतच. डास. चावे मोजले: उजव्या हातावर अकरा, डाव्यावर सात. आबा त्याच शेतात दिवसभर होते, त्यांना काही नाही. म्हणाले, "आमाला नाय खाजत. शाळंत गेलेली पोरं नाजूक." (मी नववी नापास, धाकटी सुमी सातवीपर्यंत.)
तुळशीच्या लग्नानंतर तिला बघायला येणार. खाजवून जखमा नकोत, म्हणून आबांच्या डबीतला चुना प्रत्येक चाव्यावर लावला. जाड. सकाळपर्यंत धुऊ नको म्हणालो.

३१-१०
कातडी सोलवटली. सुमी कोणाला काही बोलली नाही. मीही.

२०-११, रवि.
खांदा कॉलनीची मंडळी आली. मुलगा बरा वाटला. त्याच्या आत्याने बांगड्या बघायच्या निमित्ताने सुमीचा हात धरला. पांढरे ठिपके.
"हे कधीपासून?"
आई म्हणाली, डास चावले होते.
"डास चावून पांढरं होतं होय? आमच्याकडे नुसतं लाल होतं."
मुलाकडचे हसले. मी पोह्यांचा ट्रे धरून दारात उभा. चुना मी लावला, एवढंच म्हणायचं होतं. ट्रे फिरवला.

२४-११
निरोप : पत्रिका जमत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.
नळावर बायका म्हणतात, सुमीला कोड आहे.

२८-११
आबांना न सांगता सुमीला पनवेलला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कोड नाही, चुन्याने भाजलंय, काही महिन्यांत रंग भरेल. तशी चिठ्ठी दिली. मी विचारलं, मुळात खाजतं कशाने? म्हणाल्या, डास चावताना आपली लाळ आत सोडतो. ती परकी म्हणून आपलं शरीरच तिच्यावर उठतं, त्याची खाज. डास केव्हाच उडालेला असतो. वर्षानुवर्षं चावे खाल्ले की काहींचं शरीर लढायचं सोडून देतं.
स्टँडवर सुमी : "दादा, तू तवा का नाय बोललास?"
एस.टी. आली म्हणून बरं.

४-१२, रवि.
मामांनी गव्हाणचा बिजवर आणलाय. वय चाळीस, दोन मुलं. आई रडली. आबा म्हणाले, "डागाच्या पोरीला कोण राजा येनार हाय?" उद्या पहिल्या गाडीने होकार सांगायला जाणार.
चिठ्ठी खिशात आहे. दाखवली तर आबा विचारतील, चुना कोणी लावला.
दोनदा अंगणात जाऊन आलो. आबा उघडेच बसलेत. पाठीवर डास बसलेत, पाच तरी.
हात हलत नाही त्यांचा.