दोन्हीकडे एकच नाव

सोम., ७ जुलै
पुण्याच्या हेड ऑफिसचं फोल्डर अखेर दिसलं. तीन दिवस आमच्या टॉवेल कारखान्याचं मोठं मशीन, एसीच्या खोलीतला सर्व्हर, नुसतं रिकामं फोल्डर दाखवत होतं. एररसुद्धा नाही. कारण एवढंच: मशीनवरचं नाव-पासवर्ड आणि पुण्याच्या सर्व्हरवरचं नाव-पासवर्ड तंतोतंत एक लागतं.
माझे वरिष्ठ बिराजदार सर म्हणाले, "नवीन नाव मंजूर व्हायला महिना घालवतेत की पुण्याचे. तुझंच वापरू. तू काय परकी हायस?" शेजारी बसून, मला विचारून, माझा पासवर्ड त्यांनीच टाकला.
आता रोज चारला टॉवेलचे लॅब रिपोर्ट माझ्या नावाने आपोआप पुण्याला. तिथे गिऱ्हाईक बघणार. मला या कामाला सरांनीच लावलं, मशीनही त्यांनीच शिकवलं. नाही कसं म्हणायचं?

मंगळ., ८
नानांना सांगितलं. गप्प. शाळेच्या आधी अक्षरं-आकडे मी या वडिलांकडेच शिकले, त्यांच्या मागाशेजारी बसून. म्हणून असेल, त्यांचं गप्प राहणं मला अजून चूक काढल्यासारखं वाटतं.
शेवटी म्हणाले, "आपल्या मागावर दुसऱ्याला बसवलंस. कापडावर नाव तुझं."
झोप नीट नाही.

गुरु., १०
जेवताना लॅबमधली शबाना: "लॉट ४१ गया बघ. लाल रंग लई उतरतोय. पांढरी पट्टी पार गुलाबी झाली." तिने रिपोर्टमध्ये नापास भरलाय.

शुक्र., ११
सकाळी पुण्याच्या फोल्डरमधली कालची फाईल सहज उघडली. सहज नाही. रोज उघडते, राहवत नाही.
लॉट ४१: पास.
आमच्या मशीनवर नापास. पुण्यात पास. फाईल बदलली काल ४.२५ ला. बदलणाऱ्याचं नाव: भाग्या. माझं.
४.२५ ला मी गोडाऊनमध्ये लेबलचा प्रिंटर बघत होते. होते ना? दोनदा जाऊन विचारून आले. तिथले हसले. "मॅडम, स्वतःचीच हजेरी घेताय व्हय?"
क्वालिटीचे माने साहेब. मंगळवारी लॉट गिऱ्हाईकाकडे सुटणार, घाई त्यांनाच. आज माझ्या टेबलापाशी थांबून, "सगळं बरं ना?" कधी विचारत नाहीत. कीबोर्डकडे बघत होते?

शनि., १२
सरांना दाखवलं. "मशीन कधी कधी जुनी फाईल पाठवतंय. मनाला लावून घेऊ नको."
लॉट ४१ ची जुनी फाईल नाहीच. एकदाच तपासलाय. हे बोलले नाही. सरांपुढे तोंड उघडत नाही माझं.
शबानाच्या नापास रिपोर्टच्या कागदाचा फोटो काढून ठेवला. चोरी केल्यासारखा.

सोम., १४
सकाळी पासवर्ड बदलला. मशीनवर, आणि लगेच पुण्याच्या सर्व्हरवर, तोच. कोणालाही सांगितलं नाही. चारची फाईल नीट गेली. म्हणजे आपोआप जाणारं अडत नाही. अडेल तो फक्त माझं नाव टाकून हाताने आत शिरणारा.
मान्यांची वाट बघत बसले. ते फिरकले नाहीत.
४.४० ला बिराजदार सर.
"पासवर्ड बदललीस काय गं?"
"हो सर."
"सांगायचं की. ट्रान्सफर अडलं असेल म्हणून बघत होतो."
"अडलं नाही सर. चारला गेलं."
मला त्यांच्याकडे बघवेना.
"बरं. नवा पासवर्ड उद्या सकाळी लिहून दे मला. लॉट सुटायच्या आधी."
घरी येऊन तशीच आडवी झाले. अम्माला वाटलं डोकं दुखतंय.

मंगळ., १५
आठच्या आत ऑफिसात. पुण्याला मेल लिहिला: दोन्ही फायली, वेळा, कागदाचा फोटो, लॉट थांबवावा. "कोणी केलं" ही ओळ तीनदा लिहिली, तीनदा पुसली. माझ्याजवळ काय आहे? सरांनी विचारलेला एक प्रश्न. कदाचित मान्यांनी सांगितलेलं करत असतील. कदाचित खरंच तपासत असतील. कदाचित माझ्याच मनात...
ओळ न घालता पाठवला, ८.५० ला. आपलं नाव खाली पूर्ण लिहिलं.
नऊला सर आले. दोन चहा आणले, एक माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसले. पासवर्डचं अजून विचारलं नाही. पुण्याचं उत्तर नाही. खाली लॉट ४१ चा माल गाडीत चढवायला सुरुवात झालीय, आवाज येतोय.