बसथांब्यावरच्या विमानाले आठ मिसाइलं

तीर्थरूप दुर्गेश भाऊजी यांना निकेशचा लांबूनच, पण कंबरेतून वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? सपनाताई मागं म्हणत होती का जिना चढाले त्रास होते. लिफ्ट चालू झाली असंल तं बरंच आहे, नाई तं तुम्ही खालच्याच माळ्यावर घर पाहा. ताईले सांगजा का इकडे सगळे खुशाल आहेत. अंजू बरी आहे, यंदा सोयाबीन बरं आहे, फक्त मी बरा नाई. फोन सोडून पोस्टानं पत्र काऊन पाठवलं, असं तुमच्या मनात आलंच असंल. त्याचं कारण असं का माहा फोन सध्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात लोखंडी कपाटात आहे. त्याच्या बाजूले एक मिसाइल उभं आहे. तेही माहंच आहे. घाबरू नका, बसूनच वाचा.

आपल्या गावातून फौजेत गेलेले लोक तालुक्यात सगळ्यात जास्त, म्हणून मागच्या दिवाळीनंतर हवाई दलाकडून एक निवृत्त लढाऊ विमान गावाले शोभेसाठी मिळालं. (तुम्ही तिकडे कारखान्यात नवीन बनवता, तुमचं नवीन आलं का हे जुनं निवृत्त होते म्हणतात. तुमचं यायले वेळ लागला म्हणून हे बिचारं कितीतरी वर्षं जास्त उडत राह्यलं, असंही म्हणतात. मी काही म्हणत नाई.) ट्रेलरवर लादून नागपूरकडून हायवेनं आलं. धाब्यावरचे ट्रकवाले हातातली पोळी टाकून उभे राह्यले. पण शत्रूच्या रडारमधून निसटलेलं विमान आपल्या गावाच्या कमानीत अडकलं. शेपटी वर लागली. मंग कमानीचा वरचा भाग तोडावा लागला, त्याच्यावर माजी सरपंचाचं नाव होतं. आताचे सरपंच अमरभाऊ यांना इतका आनंद मी त्यांच्या लग्नातही पाह्यला नव्हता.

बसथांब्याजवळ सिमेंटचा खांब अन् वर विमान टेकाची लोखंडी बैठक मीच बनवली. हवाई दलाच्या माणसाईनं पंख जोडले, विमान चढवलं. जाताना त्याईचे साहेब दोनच गोष्टी बोलले: काही जोडाचं नाई, काही काढाचं नाई. अमरभाऊनं तशी कागदावर सही केली. ट्रेलरची धूळ खाली बसाच्या आत लोकाईची पहिली तक्रार आली का याले मिसाइल काऊन नाई?

इथं रूपरावकाकाची ओळख करून देतो, कारण तुम्ही लग्नाच्या वेळी त्यांना नुसतं पंगतीत वाढताना पाह्यलं असंल. काका हवाई दलात हत्यार विभागात सार्जंट होते. वीस वर्षं त्याईनं याच जातीच्या विमानाच्या पंखाखाली बॉम्ब अन् मिसाइलं लटकवली. विमान आलं त्या दिवशी सगळे सेल्फी काढून राह्यले होते अन् काका शेपटीवरचा नंबर वाचून राह्यले होते. मंग त्याईनं पंखाखाली हात ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा. मी विचारलं, काका, ओळखीचं आहे का? ते म्हणाले, "हे नाई. याच्या संगतीचं एक होतं. मी मिसाइलाची सुरक्षा-पिन काढून वैमानिकाले अंगठा दाखवला, ते गेलं अन् आलं नाई." एवढंच. मी पुढं काही विचारलं नाई. विचाराले पाहिजे होतं.

तं लोकाईच्या तक्रारीवर अमरभाऊनं 'विमान आधुनिकीकरण समिती' काढली. अध्यक्ष ते स्वतः. तांत्रिक सल्लागार म्हणून डोमाजी. (सोयाबीनचे व्यापारी डोमाजी, तेच. त्यांचा विमानाशी संबंध इतकाच का ते रोज जेवताना मोबाइलवर युद्धाचे व्हिडिओ पाह्यतात.) काकांना सदस्य घेतलं, कारण फोटोत एक फौजी पाहिजे होता. अन् बनवाचं काम माह्या वर्कशॉपले आलं. तेव्हापासून मी ट्रॉल्या अन् गेट बनवाचं सोडून संरक्षण उद्योगात आलो. अंजूनं तं पाटीही रंगवून घेतली.

पहिल्या बैठकीत दोन मिसाइलं ठरली. दुसऱ्या बैठकीत चार. काकांनी सांगितलं का या विमानाले पंखाखाली चार जागा अन् पोटाखाली एक, प्रत्येक जागेचं वजन ठरलेलं, त्याच्याहून जास्त काही लटकत नाई. डोमाजी म्हणाले, शेजारच्या देशाचं विमान सहा घेऊन उडते, मंग आपलं काऊन मागं राहावं? तिसऱ्या बैठकीत आठ झाली. प्रत्येक बैठकीनंतर मी जुनं माप खोडून नवीन काढलं, अन् जुन्या मापानं कापलेले पाईप अंजूनं काकडीच्या वेलाले आधार म्हणून लावले. उद्घाटन सव्वीस जानेवारीले होतं, ते एक मेले गेलं, मंग पंधरा ऑगस्टले. अमरभाऊ म्हणत, देशाची विमानं वर्षानुवर्षं उशिरा येतात, आपण तं महिन्याईतच आहो, हा एक विक्रमच समजा.

अट एकच होती का सगळं स्वदेशी पाहिजे. त्याचा हिशेब असा: पाईप परराज्यातला, रंग नागपूरचा, नटबोल्ट कोणत्या देशाचे ते खोक्यावर लिहिलं होतं पण मी समितीले वाचून दाखवलं नाई. पुढचं टोक म्हणजे तेल ओताचं नरसाळं उलटं बसवलं. मागची पंखुडी जुन्या निवडणुकीच्या फलकाच्या पत्र्याची. (एका मिसाइलवर उमेदवाराची अर्धी मिशी रंगातून दिसत होती, तिसरा हात मारला तेव्हा गेली.) खरं स्वदेशी म्हणजे फक्त माहा घाम. तरी अमरभाऊनं भाषणात ऐंशी टक्के सांगितलं. मी म्हटलं, हा आकडा कुठून आला? ते म्हणाले, शंभर सांगितलं तं कोणी विश्वास ठेवत नाई.

हलके पाईप वाऱ्यात हलत होते, म्हणून डोमाजींच्या सल्ल्यानं आत रेती भरली. तेव्हा काका उठून उभे राह्यले. म्हणाले, आधी सोयाबीनची पोती तेवढ्याच वजनाची दोन दिवस लटकवून पाहा, मंग मिसाइल लावा. अमरभाऊ म्हणाले, "काका, वेळ कुठी आहे? पंधरा ऑगस्ट तोंडावर आला." काका म्हणाले, "विमानाले तारीख समजत नाई, अमर." कोणी हसलं. काका माह्याकडे वळले अन् म्हणाले, "निकेश, तू तं लोखंडाचा माणूस आहे. तू तरी बोल."

भाऊजी, मले माहीत होतं का पंखाच्या टोकाकडची पकड कच्ची आहे. तिथं नट कसला तं पत्रा दबत होता. पण पाटी रंगवून झाली होती, अन् गावात लोक मले 'मिसाइलवाले' म्हणाले लागले होते. मी ड्रिल मशीनचं बटन चालू केलं. आवाजात बोलणं राहून गेलं. काका घरी गेले अन् पुढच्या बैठकीले आले नाई.

आठही लागली. तेव्हा डोमाजींची पुतणी रिंकू हिनं व्हिडिओ काढून टाकला: 'आमच्या गावात मिसाइल बनतात.' मी त्यात वेल्डिंगचा चष्मा घालून उभा होतो. दोन दिवसात लाखो लोकाईनं पाह्यलं. तिसऱ्या दिवशी एका चॅनलवर चार तज्ज्ञ बसले. एकानं माह्या नरसाळ्याभोवती लाल गोल काढला अन् म्हणाला, हे लक्ष्य शोधणारं डोकं अतिशय प्रगत दिसून राह्यलं. दुसऱ्यानं पल्ला तीनशे किलोमीटर सांगितला. तिसरा म्हणाला, दोनशेच. त्या दोघाईचं भांडण झालं. चौथा म्हणाला, शेजारी देश घाबरले आहेत. मी घरी बसून पाहून राह्यलो होतो अन् खरं सांगतो, मीही थोडा घाबरलो. अंजूनं विचारलं, खरंच तीनशे आहे का हो?

चौथ्या दिवशी पोलिसाईची गाडी आली. वर्कशॉपमधलं नववं, जास्तीचं मिसाइल उचललं, माहा फोन घेतला. ठाण्यात साहेबानं विचारलं, याची रेंज किती? मी म्हटलं, साहेब, ट्रॅक्टर जाईल तितकी. त्याईनं ते तसंच लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत नरसाळं काढून आतली रेती टेबलावर ओतली, तेव्हा मले चहा मिळाला.

पण खरी पंचाईत पुढं. तेरा ऑगस्टले हवाई दलातून एक स्क्वाड्रन लीडर बाई आल्या. वयानं आपल्या सपनाताईहून लहान. अमरभाऊची सही असलेला कागद त्याईनं उघडून आपल्या जीपच्या बोनटवर ठेवला अन् सांगितलं, आजच्या आज सगळं उतरवा, नाई तं विमान परत जाईल. हे कोणी लावलं, असं विचारल्यावर समितीच्या सगळ्या बोटांनी माह्याकडे दाखवलं. इतकं एकमत त्या समितीत पहिल्यांदाच झालं. मंग अमरभाऊले फोन आला अन् ते गेले. डोमाजी पंखाच्या सावलीत लावलेल्या आपल्या नव्या गाडीत एसी सुरू करून बसले.

मी काकांच्या घरी गेलो. दारातच म्हटलं, काका, मी चुकलो, मले तेव्हाच बोलाले पाहिजे होतं. काकांनी चप्पल घातली. एवढंच.

बसथांब्यावर येऊन काकांनी त्या बाईंना कडक सलाम केला, नाव अन् नंबर सांगितला. मंग माह्या पाईपाईले खरी मिसाइलं समजून उतरवलं. मले विमानाच्या समोर उभं राहू देईनात, बाजूनं ये म्हणाले. एकेका जागेचा नंबर मोठ्यानं बोलाचे, दोर ताणाचे, मी नट सोडाचो. बाई हाताची घडी घालून पाह्यत होत्या, त्याईनं घडी सोडली. सातवं उतरल्यावर काकांनी टोकाकडं पाह्यलं अन् गाडीच्या काचेवर थाप मारून ओरडले, "डोमाजी, बाहेर या!" डोमाजींनी आतून हातानंच 'थांबा' म्हटलं. काकांनी दार उघडून त्यांना बखोटीनं ओढलं. अन् मी नटाले हातही लावला नव्हता, तरी आठवं सुटलं. सरळ गाडीच्या टपावर, ड्रायव्हरच्या जागी. टप सीटपर्यंत गेला.

डोमाजी रस्त्यावर बसले होते. देशात बनलेल्या माह्या पहिल्या मिसाइलनं पहिल्याच फेरीत अचूक नेम धरला, फक्त सल्लागारावर. कोणी हसलं नाई, मीही नाई. काकांनी दोर गुंडाळला, बाईंना म्हणाले, "आठही जागा रिकाम्या, मॅडम." त्या बाईंनी काकांना सलाम केला. काका घरी जाताना रस्त्यात एकदा थांबले, चष्मा पुसला.

विमान राह्यलं. पंधरा ऑगस्टले अमरभाऊनं झेंडा झाल्यावर भाषण केलं का समितीनं अभ्यासपूर्वक विमानाचं वजन कमी करून त्याची क्षमता वाढवली आहे. टाळ्या पडल्या. डोमाजींनीही वाजवल्या.

मी तं आता कानाले खडा लावला. उरलेलं आयुष्य गेट अन् ट्रॉल्या. मोठ्याईचे आशीर्वाद असू द्या, ताईले सांभाळा, गुडघ्याले गरम शेक द्या.

तुमचा आज्ञेतला,
निकेश

ता. क. ठाण्यात विचारलं होतं का मिसाइलाचं माप तुले कोणी दिलं. काकांचं नाव घ्याले जीभ वळली नाई. डोमाजींचं घेतलं असतं तं कोणी विश्वास ठेवला नसता. घाबरून तुमचं नाव निघालं, कारखान्याच्या पत्त्यासकट. चौकशीले दोन माणसं येतील. चांगली आहेत, चहात साखर जास्त घेतात.

ता. क. २. आष्टीच्या रस्त्यावरच्या एका गावाले आपलं विमान लय आवडलं. त्याईले हवाई दलाकडून मिळालं नाई, म्हणून पूर्ण विमानच माह्याकडून बनवून पाहिजे. मी हो म्हटलं. (अंजूनं पाटीत 'निर्यात' शब्द टाकला.) काकांना घेतलं आहे, या वेळी पोती आधी लटकतील. पत्रा आहे, चाकं आहेत, नरसाळी आहेत. पण त्या लोकाईले आत फिरणारं इंजिनही पाहिजे, म्हणून हे पत्र. भाऊजी, इंजिन कुठून आणाचं असते? तुम्हीही तिथंच अडकले आहात हे पेपरात वाचलं, तरी घरचे म्हणून विचारलं.