चिमणीच्या पदवीसाठी जागा विकावी का

प्रिय धाकटे,

तुझी कंबर कशी आहे? मेहुण्यांचा खोकला गेला का? आणि आपली चिमणी पोटभर जेवते ना?

तिला कॉलेजात लेखनाची पदवी घ्यायचीय, तर घरामागची जागा विकावी का, असं तू विचारलंस. मी कचेरीबाहेर बसून चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय, म्हणून मला कळेल असं तुला वाटतं. मला काही उमजत नाही बघ.

सुट्टीत ती माझ्याजवळ बसायची. एका बाईचा पेन्शनचा अर्ज मी दोनदा लिहिला, दोनदा परत आला. चिमणी म्हणाली, "मामा, यात नुसतं 'सविनय' आहे, बाई कुठंय?" तिने बाईला तासभर बोलतं केलं, नव्याने लिहिलं, आणि पेन्शन सुरू झाली. पण तेवढ्यात माझे चार अर्ज झाले असते, आणि एका अर्जाचे पैसे तिला काय, मला काय, तेवढेच. मग पदवीचं मोल कसं धरू?

'विक' आणि 'विकू नकोस', अशी दोन पत्रं लिहून, टपालात न टाकता माझ्या पेटीत ठेवलीत. खरं सांगतो, तिने माझा अर्ज बाजूला सारला तेव्हा मला राग आला होता. 'नको' म्हणताना तो राग बोलतोय की माझी अक्कल, हे कळेपर्यंत हे पत्रही टपालात टाकणार नाही.

तू मात्र लवकर लिही. चिमणी काय म्हणते, तेही कळव.

तुझा,
दादा