मुलांवाचून वर्ग

४ मार्च, सोमवार

विद्यापीठाने शिक्षक घडवायची नवी रीत काढली आहे. सून सांगत होती – बी.एड.च्या मुलींनी आता शाळेत जाऊन पाठ घ्यायचे नाहीत. कॉलेजातच एकीने बाई व्हायचं, बाकीच्यांनी मुलं. गुण त्यावरच.

म्हटलं, "उद्या डॉक्टरही एकमेकांनाच तपासतील. सगळे ठणठणीत!"

हसली नाही. "आई, पास झाले तर जूनपासून नोकरी. मला वाद नकोत."

५ मार्च

हे असते तर पेपर आपटला असता. मला रोज वाचून दाखवायचे. ते गेले आणि घर मुकं झालं, म्हणून मी अक्षरं जुळवत बसले. अडलं की विचारायला कुणी नसायचं. तो जाच मला ठाऊक आहे.

७ मार्च, गुरुवार

सुनेचा पाठ. पाहुणी म्हणून मागच्या बाकावर बसले. विषय – पृथ्वी फिरते. सून विचारी, "समजलं?" वेण्या घातलेल्या घोड्या एका सुरात, "हो बाई!" सगळ्यांना आधीच ठाऊक!

मी हात वर केला. "नाही समजलं. फिरते तर जाणवत का नाही?"

गुण देणाऱ्या मॅडम मागे वळल्या. "आजी, तुम्ही पाहुण्या आहात."

"मग ह्या कोण आहेत?"

सुनेचा चेहरा उतरला. पण मला गप्प बसवलं नाही तिने. "समजा, गाडीत डोळे मिटून बसलात..."

"गाडी हादरते की!"

तिने खडू ठेवला. मग म्हणाली, "बरं, हादरतच नाही अशी गाडी. खिडक्याही बंद. कसं कळेल चाललीय ते?"

विचार करत होते, तोच तास संपला.

८ मार्च

पाठ अपूर्ण, सून नापास. पुढच्या आठवड्यात पुन्हा द्यायचा. माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, समोर ठेवते, जाते. मुलगा म्हणाला, "आई, काय गरज होती?"

तिच्यासाठी जीव तुटतो. पण माझं चुकलं असं काही केल्या वाटत नाही. जूनमध्ये समोर खरी मुलं असतील. ती नाहीत म्हणायची "हो बाई".

१० मार्च

अबोला.

१२ मार्च, मंगळवार

कॉलेजातून आल्यावर सून आपणहून बोलली – आज मॅडम वैतागून वर्गातून निघून गेल्या. एकीचाही पाठ पूर्ण झाला नाही. जी शिकवायला उभी राहील तिला बाकीच्या म्हणत, "नाही समजलं." सगळ्या नापास.

पहिला हात सुनेने वर केला.