जिची तक्रार, तिचा कारभार

सोमवार, ३ जून

भोंगा आज पुन्हा वाजला!

आईबापांनी नाव चांगलं ठेवलंय, पण मंडळात तिला सगळ्या भोंगाच म्हणतात. दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग करते, संध्याकाळी आमच्या मुलींच्या मंडळात येते आणि चपला काढायच्या आत सुरू. ताई, पंखा कुरकुरतो. ताई, प्रथमोपचाराच्या पेटीत नुसती कात्री आहे, कापूस कुठाय? ताई, बिस्किटं मऊ पडलीत. ताई, ‘आत्मविश्वास’ हा विषय तुम्ही मागच्या महिन्यातही घेतला होता.

घेतला होता! मुरला नव्हता म्हणून पुन्हा घेतला! हिच्यात मात्र जरा जास्तच मुरलाय.

मुलींना बोलतं करणं हे आमचं ध्येय, असं मी देणगीदारांना इतकी वर्षं सांगत आले. बोलत्या झाल्यावर गप्प कशा करायच्या, हे कुठल्याच शिबिरात शिकवलं नाही.

मंगळवार, ४ जून

सुचलं! आंघोळ करताना सुचलं. उद्यापासून मंडळात नियम — जिची तक्रार, तिचा कारभार. पंखा कुरकुरतो? मग पंखा तुझा. तक्रार मिटेपर्यंत तूच बघायचं. नेतृत्वाचं शिक्षण होईल आणि माझं डोकं शांत राहील. एका दगडात दोन पक्षी.

अक्काला सांगितलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर नर्स होती, आता निवृत्त. घरात आम्ही दोघीच. म्हणाली, “म्हणजे तोंड उघडलं की काम गळ्यात. गप्प बसवायची बरी युक्ती काढलीस.”

मी म्हटलं, याला व्यवस्थापन म्हणतात.

“आमच्या वॉर्डात डँबिसपणा म्हणायचे.”

शुक्रवार, ७ जून

रामबाण! सगळ्या चिडीचूप. एक जण म्हणायला लागली, “ताई, नळ ठिबक—” मग नियम आठवला. “ठिबकतो ते बरंच आहे. झोप छान लागेल.”

भोंग्याने मात्र पंखा घेतला. शब्दशः! कारखान्यातल्या वायरमनकडून तेल आणलं, टेबलावर स्टूल चढवलं, दोघींना ते धरायला लावलं आणि पंखा उघडला. मी खालून ‘अगं जपून, अगं जपून’ एवढंच मार्गदर्शन करत होते. आता पंख्याचा आवाज बंद. खोलीत इतकी शांतता, की माझं भाषण मलाच ऐकू येतं. फार काही ऐकण्यासारखं नाही.

बुधवार, १२ जून

अध्यक्ष आले होते. बाथरूमच्या फरश्यांचे मोठे व्यापारी. हॉल त्यांच्या वडिलांनी मंडळाला दिला, म्हणून अध्यक्षपण त्यांच्याकडे वारसाहक्काने आलं. मुलींमध्ये नेतृत्व निर्माण करणाऱ्या संस्थेचं नेतृत्व असं ठरतं. असो.

नियमावर बेहद्द खूश! “म्हणजे बाई, आता तक्रारच नाही?” नाही साहेब. “वा! ही कल्पना माझी म्हणून सांगितली तर तुमची हरकत नाही ना?”

नाही साहेब.

घरी आल्यावर अक्का म्हणाली, “मुलींपुढे वाघीण आणि त्याच्यापुढे शेळी.” जेवण गेलं नाही. नाही, गेलं. पण चव लागली नाही.

सोमवार, १७ जून

अध्यक्षांनी नियम भिंतीवर लावला. फरश्यांत! पांढऱ्यावर निळी अक्षरं, प्रत्येक अक्षर वीतभर. जिची तक्रार, तिचा कारभार. खाली त्यांचं नाव, ते जरा मोठं. दुकानातला गवंडी म्हणाला, बाई, ही फरशी शंभर वर्षं हलत नाही, घण घातलात तरी. मंडळात शिरलं की वाटतं, आता कुणीतरी टॉवेल आणून देणार.

बुधवार, १९ जून

भोंग्याकडे आजवर गेलेला कारभार : पंखा, पेटी, बिस्किटं. आजपासून अभ्यासक्रमही. मी बसले होते, ‘आत्मविश्वास, भाग तीन’ हातात घेऊन. ती म्हणाली, ताई, तक्रार आहे. सगळ्यांनी भिंतीकडे बोट केलं!

तिचा पहिला विषय काय? — सुपरवायझर खांद्यावर हात ठेवून बोलतो, तेव्हा काय म्हणायचं. सुपरवायझर मी. मिशी काजळाची. मुलींनी एकेक करून यायचं आणि मोठ्यांदा म्हणायचं, “हात काढा.”

काय एकेक म्हणाल्या! एकीने तर माझा हात असा झटकला, की मनगट अजून दुखतंय. फक्त ‘हजर’ला जमलं नाही. हजर म्हणजे आमची मुकी बाहुली — हजेरीला ‘हजर’ म्हणते, तोच तिचा दिवसातला शब्द. तीही त्याच कारखान्यात. समोर उभी राहिली, ओठ हलले, आवाज नाही. डोळे भरले. मी पटकन हात काढून घेतला. बहुतेकींना हा तास खेळाचा होता. हिला नव्हता.

मग भोंगा म्हणाली, आता ताई मुलगी, मी सुपरवायझर. ठेवला खांद्यावर हात. आणि माझ्या तोंडून काय निघावं? — “असू दे ना साहेब.”

सगळ्या पोट धरधरून हसल्या. मीही हसले. मिशी पुसताना बराच वेळ लागला.

मंगळवार, २५ जून

अध्यक्षांनी दुकानात बोलावलं. एका चकचकीत कमोडशेजारी खुर्ची टाकून बसवलं.

एक ऑगस्टपासून संध्याकाळी हॉल जावयाला. तो जिम काढतोय. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला जागा द्यावीच लागते! मुलींनी दुपारी दोन ते चार यावं.

मी म्हटलं, साहेब, दुपारी मुली कामावर असतात. उरलेल्या शाळेत.

“ज्यांना तळमळ आहे त्या येतील, बाई.”

कोण येईल? कारखान्याचं फाटक संध्याकाळी सहाला उघडतं. मुलींना दिवसात मोकळी मिळते ती तेवढीच संध्याकाळ. हजरच्या घरून तर मंडळ सोडून कुठेच परवानगी नाही. कारखाना, घर, कारखाना. दुपारी दोन म्हणजे मंडळ बंद, फक्त पाटी चालू. हे सगळं मला माहीत होतं. सगळं जिभेवर होतं.

“बरं साहेब,” म्हणाले मी.

येताना त्यांनी साबण ठेवायची एक बशी भेट दिली. ती घेऊनही आले!

शुक्रवार, २८ जून

कुणाला सांगितलं नाही. ऑगस्टमध्ये सायकल दुरुस्ती शिकायची, असं भोंग्याने ठरवलंय. पंक्चर काढायचं सामानही गोळा करतेय. मी म्हटलं, वा वा.

गुरुवार, ४ जुलै

कळलं. सांगावं लागलंच नाही. जावई स्वतःच टेप घेऊन आला. भर तासात! मुलींच्या डोक्यावरून भिंती मोजल्या. इथे आरसे, तिथे वजनं. दंड इतके फुगलेले, की हात खाली सोडता येत नाहीत. फरश्यांकडे बघून म्हणाला, हे काढायला लागेल. मी म्हटलं, शंभर वर्षं हलत नाही म्हणे.

तो गेल्यावर कुणी काही बोलेना. भोंगासुद्धा! शेवटी म्हणाली, “ताई, मी तक्रार करू?”

तुझं कोण ऐकणार, तू कमिटीत नाहीस.

“मग तुम्ही करा. तुम्ही आहात.”

“बघू.”

“ताई, ‘बघू’ म्हणजे ‘नाही’च ना? आमच्या घरीपण तसंच असतं.”

लाज वाटली. सरळ लिहिते — लाज वाटली. या पोरींना ताठ मानेने उभं राहायला शिकवायचा पगार घेते मी. अध्यक्षांपुढे गेले की माझाच कणा कुठे जातो, कळत नाही. शेवटच्या ओळीत हजर बसली होती. जाताना सगळ्या ‘येतो ताई’ म्हणतात. ती आज माझ्याकडे न बघता गेली.

शनिवार, १३ जुलै

उद्या वार्षिक मेळावा. देणगीदार येणार. अध्यक्षांचं भाषण — ‘मुलींना मिळाला आवाज.’ मुलींचं काम — पाणी वाटणे. माझं काम — आभार मानणे.

अक्काने आज तालीम घेतली. खांद्यावर माझाच स्कार्फ टाकून, पोट पुढे काढून अध्यक्ष झाली. “बोला बाई, काय म्हणणं आहे?”

मी म्हटलं, साहेब, आपली हरकत नसेल तर जरा—

“हाकलून देईन! पुन्हा!”

सात-आठदा झालं. शेवटी चिडून ओरडले, “हॉल मुलींचा आहे!” शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून विचारलं, कसला हॉल?

अक्का म्हणाली, असं. एवढंच.

मुलींना शिकवताना मी सांगते, दीर्घ श्वास घ्या, भीती जाते. काही जात नाही! देणगीदारांच्या पैशातून छापलेल्या पुस्तिकेत धादांत खोटं लिहिलंय आम्ही.

रविवार, १४ जुलै

झालं. आधी पाणी पिते, मग लिहिते.

अध्यक्ष तासभर बोलले. मुलींनी कसं निर्भय व्हावं, कसं पुढे यावं. मुली मागे उभ्या, हातात तांबे-पेले. एक जण बसायला लागली तर जावयाने खुणेने उठवलं. मग अध्यक्षांनी भिंतीकडे हात केला. “हा नियम माझा! या एका नियमामुळे संस्थेत आज एकही तक्रार नाही!” टाळ्या.

मग मी. आभार. पाहुण्यांचे मानले, खुर्च्यावाल्याचे मानले, अध्यक्षांचे मानले, त्यांच्या वडिलांचे मानले. पुढे कुणाचेच राहिले नाहीत. मग माझ्याच कानांनी ऐकलं —

“आणि माझी एक तक्रार आहे.”

बोलले. की हॉल संध्याकाळी जिमला चाललाय. की दुपारी दोन म्हणजे मंडळाला कुलूप. की या मुलींना विचारलं नाही, मलाही नाही, आणि मी ‘बरं साहेब’ म्हणाले ती माझी चूक होती. हॉलचा कारभार नीट चालत नाही, ही माझी तक्रार.

अध्यक्ष हसले. “आमच्या बाई विनोदी आहेत.” पाहुणेही हसायला लागले. संपलं, असं वाटलं. खाली बसणार होते.

तेवढ्यात मागून आवाज आला. बारीक, कापरा. कुणाचा, ते आधी कळेचना, कारण तो कुणी ऐकलेलाच नव्हता.

“जिची तक्रार—”

हजर! हातात तांब्या तसाच!

आणि मग सगळ्या, छप्पर उडेल अशा — “तिचा कारभार!”

पहिल्या रांगेत सगळ्यात मोठ्या देणगीदार आजीबाई बसल्या होत्या. आमचा वर्षाचा निम्मा खर्च त्यांच्यावर चालतो. त्यांनी चष्मा लावला, भिंत वाचली, खालचं नावही वाचलं. मग अध्यक्षांना म्हणाल्या, “तुमचाच नियम ना? मग द्या की बाईंना किल्ल्या. टाळ्या मीही वाजवल्यात.”

जावई काहीतरी बोलायला उठला. आजीबाई म्हणाल्या, “तुमची काही तक्रार आहे का? असेल तर पाणी वाटायचा कारभार मोकळा आहे.”

तो बसला. अध्यक्षांनी खिशातून किल्ल्या काढल्या. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण दात हसरे! फोटोही काढला.

अक्का शेवटच्या रांगेत रडत होती. विचारलं तर म्हणे, पंख्याचा वारा डोळ्यांत गेला.

सोमवार, १५ जुलै

सकाळीच दारात भोंगा. कारखान्याच्या वाटेवर.

“ताई, एक तक्रार आहे.”

बोल.

“अध्यक्ष कुणाला न विचारता ठरवतात, म्हणून तुम्ही काल बोललात. इतकी वर्षं मंडळाचं सगळं तुम्हीच ठरवता. आम्हाला कधी कुणी विचारलं?”

आत अक्का इतकी हसली, की तिला ठसका लागला. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. तेच, नेहमीचं. गिळलं. किल्ल्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

“आठवडाभरच हं!”

“बघू,” भोंगा म्हणाली.