साठाचे पासष्ट

३ मार्च, सोमवार

मुकादमाचा पुढचा दात आज फरशीवर पडलेला पाहिला. तोंडाबाहेर केवढासा असतो दात!

झालं असं — सकाळी त्यानं फलकावर कागद डकवला. निवृत्तीचं वय आता साठ नाही, पासष्ट. पुढच्या महिन्यापासून, सगळ्यांना. कागद सरकारचा, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? पण डकवणारा हात त्याचा होता. मागून कुणीतरी मुठीएवढा नट भिरकावला. तो वळला, तेवढ्यात दुसरा तोंडावर बसला. मग पाच-सात जण तुटूनच पडले. त्यात दोघे तर आजोबा आहेत! नातवंडं खेळवणारी माणसं. लाथा घालताना फार सराईत दिसली.

मामा त्यात नव्हता. त्याचे एकेचाळीस दिवस उरले होते. कपाटाच्या दाराला आतून खडूच्या रेघा, रोज एक पुसायचा. आज दार उघडलं, रेघा पाहिल्या, आणि कपाळ आपटलं दारावर. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी मी मधे हात घातला. बोटं सुजलीत, म्हणून अक्षर असं.

४ मार्च, मंगळवार

मी इथं आलो त्याला तीन महिने झाले. एका जागी एवढं टिकणं म्हणजे माझ्यासाठी कमालच. त्याआधी बंदरावर जहाजांचा गंज खरवडला, त्याआधी हॉटेलात भांडी घासली, त्याआधी सफरचंदं उतरवली — तिथल्या मालकिणीचा पोपट शिव्या द्यायचा, इतक्या स्पष्ट की — जाऊ दे, पोपटाचं नंतर कधीतरी. शाळेचं आणि माझं सातवीतच फिस्कटलं. मामी म्हणते, "याच्या पायाला भिंगरी आणि डोक्यात भुंगा." मामानंच इथं चिकटवलं. हंगामी.

घणखातं म्हणतात याला. मामा सांडशीनं लालभडक लोखंड ऐरणीवर धरतो, मी दांडा ओढतो, की दोन टनांचा घण धाडकन खाली. दात हलतात. बोलण्याचं नाव नको, अर्धं खातं बहिरं आहे. म्हणून सगळं मानेवर. सांडशीवाल्याची मान हलली — पाड. नाही हलली — थांब. बाकी तो शिंकू दे, नाचू दे, तिकडे बघायचं नाही. पहिल्याच दिवशी मी लोखंडाच्या रंगाकडे बघत बसलो (काय रंग असतो!), तर मामानं कानफटात ठेवून दिली. "लोखंडाकडे काय बघतोस? माझ्या मानेकडे बघ!"

७ मार्च, शुक्रवार

पेन्शन कचेरीतून एक बाई समजूत घालायला आल्या. चष्मा, फाईल, पाण्याची बाटली. म्हणाल्या, "लोक आता जास्त जगतात. ही खरं तर आनंदाची गोष्ट आहे."

"आग लागो तुमच्या आनंदाला!" मागून कुणीतरी.

बाई खमक्या. आवाज न चढवता बोलत राहिल्या. पूर्वी एका म्हाताऱ्यामागे पाच कमावते होते, आता दोनच. त्या दोघांनी किती ओढायचं? गणित मला पटलं, खोटं कशाला लिहू. पण माझं लक्ष त्यांच्या हातांवर. दहा बोटं! आमच्या खात्यात पन्नाशीनंतर दहा बोटांवाला दाखवा आणि बक्षीस घ्या.

मामा उठला. "बाई, आयुष्य वाढलं म्हणता. कुणाचं वाढलं तेवढं सांगा. या खात्यातला सगळ्यात चिवट माणूस सदुसष्टाव्या वर्षी गेला. त्याला आम्ही चिरंजीव म्हणायचो."

लोक हसले. हसता हसताच खुर्ची उडाली. कुणाची ते कळलं नाही. मग बऱ्याच उडाल्या. बाईंच्या भुवईवर फुटलं, चष्मा रक्तानं भरला. मामानंच आपला रुमाल त्यांच्या कपाळावर दाबला आणि त्यांना मागच्या दारानं बाहेर काढलं. जाताना त्या त्याला म्हणाल्या, "मलाही पासष्टपर्यंतच करायचंय हो." मामा म्हणाला, "करा की. खुर्चीत बसून मीही ऐंशीपर्यंत करीन."

१० मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत काडीला बडवला. काडी म्हणजे माझ्यासारखाच हंगामी, अंगानं काडी आणि धंदाही काड्या लावायचा. म्हणतो, "म्हातारे उठेनात, आपण कधी बसायचं? आपली दाढी पिकली तरी हंगामीच!" यात चूक काही नाही. एक म्हातारा जातो तेव्हा एक हंगामी कायम होतो, हा इथला रिवाज. मग माझ्याकडे वळून, "तुझं बरंय भाच्या. तुला मामाची जागा हवी. रोज देवाला काय मागतोस, मामाचा हात की पाय?"

ताट त्याच्या नाकावर बसलं तेव्हा कळलं की ते माझ्या हातात होतं.

मग सगळे तरुण एकीकडे, सगळे म्हातारे एकीकडे. उकळता चहा, बाकडी, पट्टे. मी कुठल्या बाजूचा ते मलाच कळेना, दोन्हीकडून मार खाल्ला.

११ मार्च, मंगळवार

कान ठणकतोय. काडी चावला! माणूस आहे की घूस?

१४ मार्च, शुक्रवार

हात धुताना मामा शेजारी आला. नळ सोडला मोठा. एखाद्यानं काडेपेटी मागावी तसं म्हणाला, "डॉक्टरकडे छापील यादी आहे. दोन बोटं गेली की माणूस सुटतो. पूर्ण पेन्शन."

मी म्हटलं, मग?

"मग काय मग? मी डावा हात आत ठेवतो. मान हलवतो. तू पाड. कुणी विचारलं तर म्हणायचं, दांडा सुटला."

मी त्याची कॉलर धरली. सख्ख्या मामाची! भिंतीवर दाबला. किती हलका झालाय. म्हटलं, पुन्हा हे बोललास तर मीच तुझी मान मोडीन. तो म्हणाला, "मोड. ती आहे का यादीत, बघून सांगतो."

हसला. मला रडू फुटलं, त्याचा राग आला, आणि नळावर लाथ घातली. नळ तुटला. मुकादम "श-श-शिंच्या" म्हणत धावत आला. दात नसल्यामुळे धड शिवीसुद्धा देता येत नाही त्याला.

१८ मार्च, मंगळवार

मोर्चा. लाठ्या. माझ्या पुढचा भट्टीवाला, एकोणसाठचा, डोक्यात लाठी बसली आणि खाली बसला. शांतपणे, बाकावर बसावं तसा. उठलाच नाही. लाठीवाला पोरगा माझ्याच वयाचा होता. तोही घाबरला होता. मी त्याच्या तोंडावर थुंकलो आणि पळालो. पेन्शन कचेरीची एक काच शिल्लक राहिली नाही. संध्याकाळी सरकारनं सांगितलं — पासष्ट म्हणजे पासष्ट.

२१ मार्च, शुक्रवार

मामा न्हाणीत पडला. दार तोडून बाहेर काढला. गुडघे दोन्ही भोपळ्यासारखे. पाठभर ठिणग्यांचे जुने डाग, मामी त्यावर तेल चोळत होती आणि शिव्या देत होती — मामाला, गुडघ्यांना, मला, सरकारला, क्रम असाच. शेवटी म्हणाली, "पाच वर्षं? पाच महिन्यांत चौघं उचलून आणतील याला."

मी बाहेर जाऊन भिंतीवर गुद्दे मारले. भिंतीला काही झालं नाही.

२२ मार्च, शनिवार

मामाला म्हटलं, तुझं ते — मी तयार आहे. दिवस तू ठरव. हात आत दिसला आणि मान हलली, की मी पाडतो. मागेपुढे बघणार नाही.

"बघू," म्हणाला.

बस. एवढंच. आता रोज मानेआधी त्याचा हात बघतो.

२७ मार्च, गुरुवार

झालं.

साडेअकराला. डावा हात ऐरणीवर, त्यात छोटी झाडणी. म्हणजे कुणाला संशय नको! काय डोकं लढवलं मामानं, असं मनात आलं माझ्या. मग मान हलली. थोडीशीच, पण हलली. मी डोळे मिटून दांडा ओढला.

आवाज वेगळा नव्हता. नेहमीचाच. हे लिहायलाच हवं. मला वाटलं होतं, आवाज तरी वेगळा असेल.

२८ मार्च, शुक्रवार

चार बोटं आणि अंगठा. दोन म्हणाला होता.

२ एप्रिल, बुधवार

चौकशी. इस्पितळातच, मामाच्या खाटेशी. तपासनीस, मुकादम, लिहिणारा एक. मी ठरल्याप्रमाणे सांगितलं, दांडा सुटला.

"दांडा आम्ही तपासला," तपासनीस म्हणाला. "ठणठणीत आहे. म्हणजे तू ओढलास. यांनी मान हलवली होती?"

हो म्हणावं तर चूक मामाची ठरते, आणि स्वतःच्या चुकीला यादी लागू नाही. नाही म्हणावं तर मी सरळ पोलिसांत. म्हटलं, जाऊ पोलिसांत. तुरुंग तेवढा बघायचा राहिलाय. मामा तर सुटेल! तोंड उघडलं —

"मान मी हलवली," मामा खाटेवरून म्हणाला. "पोराची चूक नाही. लिहून घ्या."

लिहून घेतलं.

सगळे गेल्यावर मी त्याच्या खाटेला लाथ घातली. तो कळवळला. अरे, फक्त गप्प बसायचं होतं तुला! हात गेला आणि सुटकाही गेली! एवढं केलं कशासाठी मग?

"ओरडू नकोस," म्हणाला. "शेजारचा झोपलाय."

४ एप्रिल, शुक्रवार

काडी गेटवर भेटला. सगळ्यांदेखत म्हणाला, "वा भाच्या! मागितलंस ते मिळालं, आणि जागा काही मिळाली नाही." दोघांनी मला धरलं, म्हणून वाचला. तोवर त्याच्या दोन बरगड्या गेल्या. माझं एक नख.

बरगडी मोडते तेव्हा बोटाला कळतं. हे मला आधी माहीत नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

निकाल आला. दोष कामगाराचा, सवलत नाही. पण सरकार दयाळू! मामाला गेटवर हलकं काम. गाड्यांचे नंबर लिहायचे, उजव्या हातानं. पासष्टपर्यंत.

मामीनं कागद घेतला, चुलीत घातला, आणि माझ्या थोबाडीत मारली. मग जवळ ओढलं. पुन्हा मारली.

११ एप्रिल, शुक्रवार

पिशवी भरली होती. निघण्याआधी गेटवरच्या खोलीत गेलो. मामा पाठमोरा, एकटा. समोर गाडी नाही, माणूस नाही. आणि मान हलत होती. हो, हो, हो. कुणालाच नाही.

विचारलं, हे कधीपासून?

"वर्ष झालं असेल. थकलो की हलते. आवळून धरायचो. डॉक्टर म्हणाला, वयामुळे आहे. वय यादीत नाही."

आणि त्या दिवशी?

"ऐरण झाडत होतो रे. बोटांचं मी कधीच मनातून काढून टाकलं होतं. तुला सांगायचं राहिलं."