पश्चिमेची काच

दिग्रस, मंगळवार, संध्याकाळ

वाळवंटातल्या नव्या मनोऱ्यावरचा माझा लेख आज आला, आणि उपसंपादक गजाननाने सत्तर मजल्यांचा फोटो चक्क आडवा छापला. एवढा उत्तुंग पुरुषार्थ, अन् पानावर मालगाडीसारखा निजलेला! पातक अक्षम्य आहे.

दुपारी त्याचाच फोन. लोहाऱ्यात घर बांधतोय. "भाऊ, तुमी उंच बिल्डिंगांचे जाणकार. समोरून कसं करू, सांगा ना."

म्हटलं, "पश्चिमेला पूर्ण काच लाव. तिकडं तसंच असते."

"वा! लावतोच."

लाव बाबा, लाव. मे महिन्यात पापडासारखा भाजशील. क्षमा वीरस्य भूषणम्, पण मी वीर नाही, वार्ताहर आहे.

आडव्या फोटोसाठी एवढा सूड? छे. त्या मनोऱ्यावर माझा धाकटा भाऊ सुधाकर काचा बसवतो. भर उन्हातही काम थांबत नाही, ही लेखातली आतली गोष्ट त्यानेच सांगितली. "दादा, माह्यं नाव टाकजो नको," असंही म्हणाला होता. गजाननाने नाव छापलं. पण त्याला ते कळलं कुठून? मीच लेखात लिहिलं, वजन यावं म्हणून, आणि खाली बारीक टीप दिली की नाव छापू नये.

सकाळपासून सुधाकरचा फोन बंद आहे. त्याची नोकरी गेली असेल, तर ती माझ्यामुळे गेली.